हापशीचा लाल रंग

सकाळी सातच्या एसटीनं उमरखेड सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर नंगारा (आम्हा बंजाऱ्यांचा मोठा नगारा) होता आणि कंडक्टर माझ्याशी भांडत होता.

"बाबाजी, ते डिक्कीत टाका."

"तू जाय डिक्कीत. हा इथंच बसन."

मी चौथी नापास. पण चाळीस वर्षं झाली, तांड्याचा नायक आहे. तांड्यात माझा शब्द कोणी मोडत नाही, मग हा कंडक्टर कोण? शेजारी माझी पुतणी सेवंता तोंडाला पदर लावून हसत होती. यवतमाळला लोककलेचा कसलासा कार्यक्रम होता. तिला गायला बोलावलं होतं, नंगाऱ्यावर मी.

महागाव सुटलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बाया ओटी बांधून वेचत होत्या. मी पिशवीतली, आमच्या हातपंपाच्या पाण्याची बाटली काढली, तशी सेवंता म्हणाली, "काका, आज तरी हापशीचं पिऊ नका."

झालं, सुरू! तिचा नवरा किडनी जाऊन मेला. तांड्यात तसा मरणारा तो पहिला नव्हता. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला सांगितलं की तुमच्या हापशीचं पाणीच खराब आहे. मी ते कानावर घेतलं नाही. आमच्या आज्या-पंज्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, पाणी पाहून मुक्काम टाकला. पाणी ओळखायचं आम्हाला सिस्टर शिकवणार? आणि ज्या हापशीपुढे दर अमावस्येला नारळ फुटतो, तिचं पाणी विष कसं होईल? मी सेवंतासमोर अर्धी बाटली प्यायलो. तांडाही तेच पाणी पीत होता, कारण मी पीत होतो.

आर्णीला गाडी थांबली. आलूबोंडा खाल्ला, वरून तर्री. हॉटेलवाला नंगाऱ्याकडे पाहून म्हणाला, "बाबाजी, कोण्या लग्नाची सुपारी?"

"लग्न नाही बाप्पा. शिकलेल्या लोकायची करमणूक."

आर्णीच्या पुढं साग लागतो, रस्ता चढतो आणि मग यवतमाळ. स्टँडवरून ऑटोनं हॉलवर गेलो. हॉल गच्च भरलेला. एक मॅडम धावत आल्या, सेवंताची काचांची कांचळी (बंजारा बायांची चोळी) हातानं चाचपून म्हणाल्या, "किती सुंदर! ताई, पाच मिनिटं हं. अन् हसतमुखानं." मला हे आवडलं नाही. बाजारात म्हैस पाहतात तशी तिला पाहत होत्या.

सेवंतानं एक गाणं म्हटलं. मी नंगारा घुमवला, टाळ्या पडल्या. मग ती मागं आली आणि मला न विचारता माझी टेकायची काठी उचलून घेऊन गेली. कमरेत वाकली, मिशीवर ताव दिला, पाय फरफटत चालू लागली. हॉल हसला. मलाही हसू आलं. मग कळलं, हा बुढा मी आहे!

"होऽ, या रे सारे!" ती माझ्या आवाजात ओरडली. "आपल्या हापशीत देव आला! पाहा कसा लालभडक!"

माझा हात नंगाऱ्यावर तसाच राहिला. खरंच तसं झालं होतं. आम्ही सगळे वेचणीला गेलेलो, सरकारी माणसं आली आणि हापशीला लाल रंग फासून गेली. संध्याकाळी आम्ही येऊन पाहतो तर हापशी लाल. आमच्यात दगडाला लाल लागला की तो दगड राहत नाही. पहिला नारळ मी फोडला.

सेवंतानं नारळ फोडला, हात जोडले, घागर भरली, नवऱ्याला पाजली. मग ती खाली बसली आणि मांडीवर त्याचं डोकं घेतल्यासारखं करून थोपटत राहिली. कोणी कोणी अजून हसतच होतं. ती उभी राहिली, स्वतःच्या आवाजात बोलली, "तो रंग धोक्याचा होता. पिऊ नका, असा त्याचा अर्थ. आमच्या नायकाले कोणी सांगतलं नाही. डबा आणला, ब्रश आणला, तोंड घरी ठेवून आले."

पहिल्या रांगेतला एक बिल्लेवाला साहेब शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "कमाल आहे! लाल म्हणजे धोका, एवढंही कळत नाही या लोकांना?" पुन्हा हशा.

माझ्या टाळूला आग लागली. नंगारा बाजूला सारून मी पुढं गेलो.

"साहेब, तुमच्या गावच्या मारुतीले कोणता रंग लावता? हिरवा?"

मी छातीवर हात मारला.

"तो नारळ फोडणारा बुढा मीच. मुडदे आमच्या घरचे पडले अन् हसून तुम्ही राह्यले? हसा न आता, माझ्या तोंडावर हसा!"

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मॅडम माईकवर म्हणाल्या, "वा! बाबांचा काय अभिनय!" माझा राग त्यांना नाटकातला वाटला. मी तिथं पाणीसुद्धा प्यायलो नाही. नंगारा उचलला आणि निघालो.

परतीच्या गाडीत आर्णी सुटल्यावर मी विचारलं, "मह्यी नक्कल करशीन, हे मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर आले असते काय तुम्ही?"

"नसतो आलो."

"मंग?"

"मी तसा चालतो काय वं?"

"त्याहून वाईट चालता, काका."

दिवस मावळता तांड्यावर पोचलो. हापशीवर बाया पाणी भरत होत्या, त्यात माझी बायकोही. मी जाऊन दांडा धरला.

"सरका न, घागर भरू द्या," ती म्हणाली.

"भर. धुण्याभांड्याले भर. प्यायले नाही. हा देव नाही. मी चुकलो."

चाळीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून तांड्यानं ऐकला नव्हता. बायकोनं घागर खाली ठेवली आणि विचारलं, "मंग प्यायचं कोणतं?"

यवतमाळच्या हॉलात एवढे शिकलेले बसले होते, पण हा सवाल एकानंही विचारला नव्हता.