भाऊजींची तयारी

माझे थोरले दीर सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात कसरतीचे उस्ताद होते. नव्या जवानांना धावायला, रांगायला, भिंतीवरून उडी टाकायला शिकवायचे. जखमी सोबत्याला उचलून कसं न्यायचं, यात तर त्यांचा हातखंडा. आधी मांड्या तयार करायच्या, मग पाठ, मग वजन थोडंथोडं वाढवायचं. घाई करणाऱ्या पोराला म्हणायचे, "कंबर मोडलीस तर तुला कोण उचलणार, तुझी मावशी?"

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यातच जाऊबाई अंथरुणाला खिळल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. जाऊबाईंनी जन्मात कशाचा हट्ट धरला नव्हता. आता एवढंच म्हणायच्या, एकदा खाली बाकावर उन्हात बसायचंय.

शेजारची माणसं त्यांना खुर्चीत बसवून न्यायला तयार होती. भाऊजींनी त्यांना वाटेला लावलं. माझी बायको काय कपाट आहे, चौघांनी वळणावर घासत न्यायला? मीच नेईन, म्हणाले. पण तयारीशिवाय नाही. हातातून निसटली तर?

मग जुन्या पोत्यात वाळू भरून रोज सकाळी त्यांचा जिना सुरू झाला. पोतं छातीशी धरायचं, पाठ ताठ, एकेक पायरी. अंगाला जमलंसं वाटलं की आणखी ओंजळभर वाळू. आतून जाऊबाईंचा आवाज यायचा, "सवतीला फिरवून झालं असेल तर चहा घ्या." तेव्हा त्या हसायच्या तरी. पुढेपुढे त्यांचं खाणं तुटलं. बोलणंही कमी झालं.

मी भीतभीतच म्हटलं, भाऊजी, आता न्या त्यांना.

"अजून वाळू कमी पडते," ते म्हणाले. "तिचं वजन मला ठाऊक आहे. लग्नापासून त्यावरून चिडवत आलोय."

एका पहाटे जाऊबाई झोपेतच गेल्या. हाल न करता नेलंस, म्हणून मी देवाला हात जोडले. दुसरं काय करणार होते?

गाडी आली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना, तेव्हा भाऊजी पुढे झाले. गुडघे वाकवले, दोन्ही हात जाऊबाईंच्या अंगाखाली घातले, श्वास भरला आणि सगळा जोर लावून उठले. तशी त्यांची पाठ मागच्या भिंतीवर आदळली. भार झेपला नाही असं वाटून आम्ही धावलो. पण तसं नव्हतं. त्यांनी जोर लावला होता पोत्याच्या हिशेबानं. हातात तेवढं काही नव्हतंच.

त्यांनी हातांतल्या जाऊबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, ही तर केव्हाच नेता आली असती."

कुठेही न थांबता ते जिना उतरले. गाडीपाशी माणसांनी हात पुढे केले, पण भाऊजी देईनात. कुणीतरी म्हटलं, उस्ताद, द्या आता, दमलात.

"मला जड होत नाहीये," म्हणाले, आणि रडायला लागले.