ओली गव्हाण

वानखडे सरांनी पहिल्या भेटीत माझं पदवीचं प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं. नोट बघतात तसं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील जतला दूध संघाच्या टेम्पोवर कॅन चढवायचे. मला राग आला.

"खरं आहे, सर."

"असन ना बाप्पा. मी कुठं खोटं म्हटलं? पाहून राहिलो फक्त."

सर मूळचे अकोल्याचे, जनावरांच्या आहाराचे शास्त्रज्ञ. चंदीगडात वीस वर्षं काढूनही हे शहर आपल्याला फसवायला बसलंय, अशी त्यांची खात्री होती. मटाराची शेंग फोडून दाणा चाखल्याशिवाय घ्यायचे नाहीत. सेक्टर सतरात कोणी पत्ता सांगितला की तोच पत्ता पुढे आणखी दोघांना विचारायचे. पूरक आहाराची नवी पावडर आली की पुडा माझ्यापुढे धरायचे. "गाय हासून राहिली पाह्य पुड्यावर. गोठ्यातली कधी हासताना पाहिली तू?"

अशाच एका पावडरीवर सरांच्या हाताखाली माझी पीएचडी होती. नुकतीच व्यालेली गाय दूध भरपूर देते, पण त्या मानाने तिला खाणं जात नाही. मग ती अंगची चरबी वितळवते. रक्तात इन्सुलिन घटतं, चरबीची आम्लं वाढतात आणि गाय खंगते. पावडरीने हे थांबतं का, ते मी मुल्लानपूरच्या एका डेअरीत ताज्या व्यालेल्या सोळा गाईंवर तपासत होतो. आठींना पावडर, आठींना नाही. डेअरीची म्हातारी मालकीण, जिला सगळे बीजी म्हणत, पहाटे गूळ-कणकेच्या उंड्यात पावडर घालून त्या आठींना हाताने भरवायची. मी सात वाजता, चारा पडायच्या आधी, सगळ्या सोळाजणींचं रक्त घ्यायचो.

निकाल आला तो असा, की पावडरवाल्या गाईंचं इन्सुलिन झकास वर आणि आम्लं खाली. मी आलेख घेऊन पळत सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला.

"चांगला रिझल्ट आला का पहिले घाबरावं, पोट्ट्या."

"का सर?"

"एवढं काम पावडरच करते, तं मंग गाईनं काय करावं?"

पुढचे आठ दिवस तेच. रक्त कोणी काढलं? किती वाजता? तू सोता हजर होता का? माझी फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. त्याआधी प्रबंध गेला नाही तर बॅग उचलून गावी, एवढं सरळ होतं. मग मलाही संशय यायला लागला. माझं काम हा माणूस दुसऱ्या कोणाच्या नावावर तर करणार नाही? मी नोंदवही कपाटात कुलपात ठेवू लागलो. अशात कळलं, की सर मला न सांगता मुल्लानपूरला जातात.

दुसऱ्या दिवशी सहालाच तिथे पोचलो. सर माकडटोपी घालून गव्हाणीत हात घालून उभे.

"काय शोधताय, सर? मलाच विचारायचं ना."

"हात घाल."

घातला. गव्हाण रिकामी, पण ओली. मग त्यांनी मला दुसऱ्या रांगेत नेलं. तिथली गव्हाणही रिकामी, पण कोरडी ठणठणीत. सर बीजीकडे वळले. बीजी बिनदिक्कत म्हणाली, "लो जी! मुँह मीठा करा के भूखी खड़ी रखूँ? पाप लगेगा. एक-एक टोकरी हरा डाल देती हूँ."

"और बाकी आठ को?" मी विचारलं.

"उन्हें पेड़ा दिया था आपने?" उंड्याला ती पेडा म्हणायची.

पावडरवाल्या गाई रोज पहाटे टोपलीभर हिरवा चारा खाऊन, गव्हाण चाटून बसत होत्या आणि बाकीच्या उपाशी. खाल्लं की इन्सुलिन वाढतंच, गाईचं काय आणि माझं काय. माझा आलेख न्याहारीचा होता! बाकीच्या आठींनाही पावडरीविना रिकामा उंडा द्यायचा असतो, हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. मी उगाच गूळ कशाला म्हणून तो गाळला होता.

आता नव्याने व्यालेल्या गाई हव्या होत्या, म्हणजे मुदतवाढ हवी होती. समितीपुढे सर माझी कातडी सोलणार, असं धरूनच मी बसलो. ते उठले आणि म्हणाले, आराखड्यावर सही माझी आहे, रिकामा उंडा मलाही दिसला नाही. सहा महिने मिळाले. बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो.

"बस्स. कणीक मळायला शिक. सोळा उंडे लागतीन."

दुसऱ्या फेरीत बीजीने टोपल्या टाकल्या नाहीत. पण रक्त घेऊन होईपर्यंत आमच्याशी बोललीही नाही. इन्सुलिन दोन्हीकडे सारखं निघालं. आम्लं पावडरवाल्यांत किंचित कमी. माझं तोंड उतरलं. सर मात्र पहिल्यांदाच खुशीत दिसले. "हे खरं वाटते. इतकं थोडं कोणी खोटं सांगत नाही."

प्रबंध सहीला नेला, तेव्हा त्यांनी थेट पेन उघडलं आणि एकही पान न उलटता सही केली.

"सर, एकदा बघा तरी."

"तू पाह्यलं ना?"

"हो."

"मंग झालं."

 सादर करायला निघालो होतो, तो परत फिरलो आणि सगळे तक्ते पहिल्यापासून पडताळले. एका तक्त्यात दोन गाईंचे आकडे उलटसुलट पडले होते. ते दुरुस्त करून प्रबंध दुसऱ्या दिवशी दिला.

निवृत्तीनंतर सर अकोल्याला गेले. गेल्या वर्षी वारले. तक्त्यातली ती चूक त्यांना कच्च्या खर्ड्यातच दिसली होती, असा मला दाट संशय आहे.