एका शेगडीची गाडी

निवृत्त होताना आईने एकच अट घातली होती: गाडीत एकच शेगडी असेल.

शारजा औद्योगिक क्षेत्रात आईबाबांची खानावळ होती. आसपासच्या गॅरेजांतली आणि गोदामांतली माणसं तिथे जेवायची, ज्यांना येणं जमायचं नाही त्यांना बाबा व्हॅनमधून डबे पोचवायचे. माझं अर्धं बालपण त्या व्हॅनच्या मागच्या सीटवर, आमटीच्या वासात गेलं. खानावळ विकल्यावर बाबांनी ओळखीच्या गॅरेजात एक जुनी मिनीबस उभी केली आणि तिचं मोटरहोम करून घेतलं. दोन बिछाने, एक बेसिन, फुलाफुलांचे पडदे. गॅरेजवाल्याने हौसेने चार शेगड्यांचा ओटा आखला होता. आई बघायला गेली आणि कागदावरच्या तीन गोलांवर बोट ठेवून म्हणाली, "ये निकालो."

"भाभीजी, मेहमान आएँगे तो?"

"तो चाय पियेंगे."

फेब्रुवारी संपला की दोघं कायमची सांगलीला जाणार होती. तिकिटं काढून झाली होती. हातात हा एक हिवाळा होता आणि त्यात आईला एकच ठिकाण बघायचं होतं: सीमेपलीकडचं, ओमानमधलं खसब. खानावळीत येणारे काही जण पूर्वी तिकडे रस्त्याच्या कामावर होते. ते सांगायचे, तिथे समुद्र डोंगरांच्या आत शिरतो, लाकडी होडीतून दिवसभर हिंडता येतं आणि दुपारचं जेवण होडीवालाच देतो. यातलं शेवटचं वाक्य आईला पाठ होतं. इतकी वर्षं इथे काढूनही ती सीमा ओलांडून कधी गेली नव्हती, कारण खानावळीला सुट्टी नसते. लोक ईदला जेवतात आणि दिवाळीलाही जेवतात.

तर डिसेंबरात दोघं निघाली. रास अल खैमा ओलांडून, सीमेच्या चौकीच्या थोडं अलीकडे, समुद्रकाठी एका रात्रीपुरती गाडी लावली. सकाळी उठून पलीकडे जायचं होतं.

शेजारी एक मोठा तंबू होता. तिथला एक स्थानिक गृहस्थ, बाबांच्याच वयाचा आणि तोही निवृत्त, हिवाळा घालवायला बायकोसह येऊन राहिला होता. संध्याकाळी तो स्वतः चालत आला. हातात एक भलामोठा गरम राहणारा डबा, सोनेरी कड्यांचा, झाकणावर ससाण्याचं चित्र. आत गहू आणि मटण एकत्र घोटून केलेला हरीस होता. "यल्ला हबीबी, गरम है," म्हणाला आणि गेला.

आईबाबा मनापासून जेवले. आईने डबा घासला, पुसला, आणि मग तो हातात धरून नुसती उभी राहिली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"रिकामा कसा देऊ?"

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. साधी साखरेची वाटी असली तरी तिच्यात चार दाणे घालून द्यायचे. सकाळी आईने शिरा केला, डबा भरून पाठवला, आणि संध्याकाळी डबा परत आला. कारण त्यांच्याकडेही तेच आहे. हे आम्हाला माहीत नव्हतं. ही जगातली फार धोकादायक गोष्ट आहे: एकमेकांशेजारी राहणारी दोन माणसं आणि दोघांची आई एकच शिकवून गेलेली.

शिऱ्याला उत्तर म्हणून खजुराच्या पाकातली गोड भजी आली. भज्यांना उत्तर म्हणून थालीपीठं गेली. थालीपिठांना मसालेभात आला, त्यावर अख्खा मासा. माशाला आईने तांबडा रस्सा पाठवला. बाबा प्रत्येक फेरीला डबा घेऊन जायचे, तिकडे कॉफी प्यायचे आणि परत येताना म्हणायचे, "फार चांगला माणूस आहे गं. उद्या काय करतेस?"

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मामाच्या पत्रकांवर वाढले. दर उन्हाळ्यात सांगलीला गेलं की मामा छापखान्यातून आणलेला गठ्ठा माझ्या हातात द्यायचा आणि मी बसस्टँडवर वाटत सुटायची. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, रोजंदारी वाढावी म्हणून. गोष्टीची पुस्तकं मी फार उशिरा वाचली. त्यामुळे अजूनही काही बघितलं की आधी त्याचा निषेध सुचतो आणि मग मागण्या. सध्या मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात प्रोटीन बिस्किटांच्या जाहिराती लिहिते. मामाला हे अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी अर्धा दिवस झाला की मी गाडी काढून आईबाबांकडे जायची. जानेवारीत गेले तर मिनीबसमध्ये दुसरी शेगडी आलेली.

"ही कुठून आली?"

"बाबांनी आणली," आई म्हणाली. "रस्सा आणि भात एकदम होत नाही ना."

पुढच्या खेपेला बाहेर वाळूत तिसरी दिसली, खानावळीतली, मोठी, लोखंडी पायांची. बाबांनी ती नव्या मालकाकडून मागून आणली होती. आई तिच्यासमोर घामाघूम होऊन उभी आणि मागे, इतका जवळ की हात लांब करावा, तो ओमानचा डोंगर.

मग मी बोलले. मनातलं सगळं बोलले. आतिथ्य सुंदर आहे हे मला मान्य आहे, पण त्याचा घाम नेहमी एकाच बाजूने का निथळतो? पुरुष डबा नेतात, कॉफी पितात आणि दानशूर म्हणून परत येतात. ही दोन संस्कृतींची मैत्री नाही, ही दोन स्वयंपाकघरांची बिनपगारी रात्रपाळी आहे. डबा रिकामा पाठवणं ही एक राजकीय कृती आहे, असंही मी म्हणाले. हे मी आजही मानते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा मामा पत्रकं लिहायचा तेव्हा मामी त्याला चहा करून द्यायची. सारखा. त्याच्यावर निघालं का कधी पत्रक?"

"तेच तर म्हणतेय मी."

"तू म्हणतेस. कांदा कोण चिरतंय?"

मी कांदा चिरला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, ती झोपलेली असताना, मी डबा उचलला. स्वच्छ, कोरडा, रिकामा. बाबा म्हणाले, "जाऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, कुठल्याही बदलाचं सुरुवातीला कुणाला तरी वाईट वाटतंच. आणि वाळूतून निघाले. गाडी आणि तंबूच्या मध्यावर पोचेपर्यंत माझ्या पायांत अख्खी सांगली उतरली होती. मी आजूबाजूला पाहिलं, खांद्यावरची पिशवी उघडली आणि ऑफिसची नमुन्याची प्रोटीन बिस्किटं डब्यात ओतली.

त्या बिस्किटांच्या उत्तरादाखल संध्याकाळी बकऱ्याची अख्खी रान, म्हणजे मांडी आली, भातावर मांडलेली, वर बदाम.

"काय पाठवलं होतंस गं तू?" आई म्हणाली.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार उजाडला. त्यानंतरच्या आठवड्यात विमान होतं. आज सीमा ओलांडली तर खसब, नाहीतर थेट सांगली, हे तिघांनाही ठाऊक होतं. मी पहाटे उठले तर आई वाळूत बसून हरभऱ्याची डाळ शिजवत होती.

"आई, काय चाललंय?"

"पुरणपोळ्या. शेवटचा डबा आहे. चांगला जायला नको?"

"आणि त्यांनी परत पाठवला तर?"

"शेवटचा आहे म्हटलं ना."

"हे तू मासा आला तेव्हाही म्हणालीस."

बाबा गाडीच्या दारात उभे होते. "मी जाऊन सांगतो त्यांना," ते म्हणाले. "म्हणावं, पुढच्या हिवाळ्यात बघू."

"कुठला पुढचा हिवाळा, अहो?" आई म्हणाली.

डाळ रटरटत होती. पलीकडच्या तंबूच्या मागची कनात वर गेली आणि शेजारीण बाहेर आली. आजवर ती आम्हाला लांबूनच दिसली होती. तिने एका मोठ्या पातेल्याखाली गॅस लावला, वाकून परात उचलली आणि सरळ होताना एक हात कमरेवर दाबून क्षणभर तशीच थांबली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या कमरेवरचा हात काढला. तो तिथे होता हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

"गॅस बंद कर," ती मला म्हणाली.

डबा धुतला. पुसला. बाबा नेहमीप्रमाणे पुढे झाले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्हाला तिथे कॉफी मिळते." आणि डबा काखेत मारून ती एकटी, तंबूच्या मागच्या बाजूने गेली.

बाबांनी चहा करायला घेतला आणि उतू घालवला. बराच वेळ काही कळेना. मग तिकडून हसण्याचा आवाज आला, दोन बायकांचा. थांबला, पुन्हा सुरू झाला.

आई परतली तेव्हा डबा तिच्याच काखेत होता.

"दिलाच नाहीस?" मी विचारलं.

"दिला. तिने झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हिंदीत सांगितलं, बहन, खाली है, मैं थक गयी. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, मी घरी जायचं म्हणतेय महिनाभर, पण तुमचा डबा यायचा. डबा परत करायचा राहिला म्हणून बसलेय." आईने डबा सीटवर ठेवला. "मग म्हणाली, हा तुमच्याकडेच राहू दे. खलास. नाहीतर पुन्हा सुरू होईल. मग मीही तिला आपला खानावळीतला चार ताळी डबा द्यायचं कबूल केलंय. रिकामा. नेऊन द्या जरा, अहो. आणि कॉफी पिऊ नका."

शिजलेली डाळ बाबांनीच बरणीत भरली. अर्ध्या तासात आम्ही चौकीवर होतो. कागद दाखवून झाले आणि पलीकडच्या बाजूला एक तरुण ओमानी अधिकारी गाडी बघायला आत आला. बिछाने पाहिले, पडदे पाहिले, दोन शेगड्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग सोनेरी कड्यांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"इसमें क्या है, माँजी?"

"खाली है," आई म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कुणाला एवढं ताठ मानेने सांगितलं नसेल.

त्याने झाकण उघडून आत पाहिलं. त्याला ते बघवलं नसावं. तो खाली उतरला, आपल्या टेबलावरची ताटली घेऊन आला आणि त्यातले सगळे खजूर आमच्या डब्यात ओतले.

"खाली नहीं जाते," तो म्हणाला.

आईने झाकण लावलं आणि हसून मान डोलावली. तो उतरून दार लावेपर्यंत ती थांबली.

"अहो," ती बाबांना हळूच म्हणाली, "गाडी काढा. लवकर."