चंद्रीची सेकंड शिफ्ट

लेथखालचा लोखंडाचा कीस संध्याकाळी कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा ढीग तयार! किश्श्यांचं तसंच असतं राव. कुणी मुद्दाम जमवत नाही, आपोआप साठतात. भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधली आम्ही जुनी मंडळी अजून चहाला भेटतो. उभा जन्म लोखंड कापण्यात गेला, पण हजारो बुश न् शाफ्ट बनवले त्यातल्या एकाचीही आठवण कुणी काढत नाही. निघतात ती जनावरं! शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटावं, ही माणसं कारखान्यात होती की गुरांच्या बाजारात?

तर सत्तर सालानंतरची भोसरी. रस्त्याच्या एका अंगाला नवे शेड उभे राहत होते आणि दुसऱ्या अंगाला ज्वारी उभी होती. मी परभणीकडचा, नवाकोरा टर्नर. गावात ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली होती, जेवणही त्यांच्याकडंच.

*

ज्ञानोबाची जमीन इंडस्ट्रियल एरियात गेली. राहिलं काय, तर घर, मागचं परडं आणि चंद्री म्हैस. ही चंद्री त्याच्या बायकोनं, कौसाबाईनं, माहेराहून पारडी म्हणून आणलेली. चारा कौसाबाई घालणार, पाणी कौसाबाई पाजणार, अंग कौसाबाई घासणार. आणि म्हैस पान्हा सोडणार फक्त ज्ञानोबाच्या हाताला! कौसाबाई धारेला बसली की चंद्री पान्हा चोरायची आणि दुसरीकडे बघत बसायची.

"खायाला माज्या हातचं, अन् दूध ह्यास्नी! म्हस हाय का सवत?" कौसाबाई म्हणायची.

जमीन गेलेल्यांना वर्कशॉपमध्ये घेत होते, म्हणून ज्ञानोबा मुलाखतीला आला. आमचे फोरमन इनामदार, पुण्याचे, शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी विचारलं, "अनुभव काय?"

"म्हशीची धार काढतो, सायेब."

"अरे, इथं ड्रिलिंग मशीन चालवायचंय!"

"ती लाथ मारती का?"

"नाही."

"मंग जमंल की!"

घेतला. पण टेंपररी. सहा महिने सरळ काम केलंस तर परमनंट, असं इनामदारांनी बजावलं. परमनंट हा शब्द त्या काळी आमच्याकडे लोक देवाच्या नावासारखा घ्यायचे.

*

वर्कशॉपमध्ये मनी नावाची मांजर होती. उंदीर वायरी कुरतडायचे म्हणून इलेक्ट्रिशियन सुदाम कांबळेनं ती पिंपरीहून पिशवीत घालून आणली. उंदरांचा बंदोबस्त तिनं केलाच, पण थंडीत तिला कॉम्प्रेसरची मोटर सापडली. गरम गरम! दिवसभर तिच्यावर पाय पोटाशी घेऊन झोपायची.

एक दिवस ती किंचाळून उठली आणि थेट खिडकीत जाऊन बसली. कांबळेनं मोटरला हात लावला आणि तोही तसाच उडाला. बेअरिंग तापून लाल व्हायच्या बेतात होतं. तिथल्या तिथं मोटर बंद केली, म्हणून जळता जळता वाचली.

तेव्हापासून इनामदार सकाळी आले की पहिला प्रश्न, "मनी कुठंय?" मोटरवर झोपली असली की सगळं आलबेल.

मग एक नवीन इंजिनिअर इन्स्पेक्शनला आला. म्हणाला, "मोटरचं टेंपरेचर कशानं मोजता?"

कांबळे म्हणाला, "हळू बोला साहेब, ते झोपलंय!"

*

पुढं मोठी ऑर्डर आली आणि शिफ्टा सुरू झाल्या. ज्ञानोबा आणि मी, दोघंही सेकंड शिफ्टला. दुपारी तीन ते रात्री अकरा.

आता संध्याकाळची धार कोण काढणार? चंद्रीच्या रतीबावर त्यांचं निम्मं घर चालायचं. दोन दिवस कौसाबाईनं प्रयत्न केला. पेंड ठेवली, पाठ थोपटली, ओवी म्हटली, शेवटी शिव्या दिल्या. चंद्री ढिम्म! धार अशी तुंबत गेली तर म्हैस आटणार, आणि आटलेली म्हैस पोसायची ऐपत कुणाची होती? ज्ञानोबा एकदा हळूच म्हणाला, "चाकणच्या बाजारात दावावी का?"

"आदी मला दावा!" कौसाबाई म्हणाली. विषय तिथंच संपला.

मग ज्ञानोबा चहाच्या सुट्टीत सायकल हाणत घरी जायचा, धार काढायचा आणि धापा टाकत परत यायचा. रोज उशीर. एकदा इनामदारांनी त्याला दारातच धरलं. मिशीला दुधाचा फेस!

"ज्ञानोबा, मी बघतोय सगळं. मशीन उघडं टाकून म्हशीकडं जातोस. पुन्हा एकदा जरी सापडलास ना, तर परमनंट विसर. नावच काढून टाकीन!"

त्या रात्री ज्ञानोबा जेवला नाही. पलीकडच्या खोलीत कौसाबाईही जेवली नाही. मला भूक लागली होती, पण एकट्यानं भाकरी मागायची लाज वाटली. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि म्हैस विकली तर कौसाबाईला तोंड कसं दाखवायचं? दोन्हीकडून कोंडी. मला खरंच त्या दोघांचं फार वाईट वाटलं.

*

मधेच धामणीचं सांगतो, नाहीतर राहून जाईल.

मागच्या अंगणात भंगाराचा ढीग होता. एके दिवशी तिथून चांगली वाव-दीड वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले तरी न मावणारी धामण निघाली आणि सरळ आमच्या शेडमध्ये शिरली. आम्ही बहुतेक सगळे गावाकडचे. धामण म्हणजे बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे कुणी काठी उचलली नाही, नुसती वाट मोकळी करून दिली. इनामदार मात्र एका उडीत टेबलावर! तिथून ओरडले, "कुणीही घाबरायचं कारण नाही!"

धामण गेली. पाच मिनिटांनी तेच इनामदार, जरा हळू आवाजात, "कुणीतरी मला खाली उतरवा रे."

धामण परत भंगारात राहायला गेली ती कायमची. ढिगातले उंदीर संपले हे तर झालंच, पण भंगाराची चोरीही बंद! आमचे वॉचमन कासमचाचा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ती केवढी लांब आहे ते हात पसरून दाखवायचे. दर महिन्याला हात थोडे जास्त पसरायचे. एकदा मालकांनी त्यांना विचारलं, "चाचा, रात्री भंगाराकडं राउंड मारता ना?"

"नाही साहेब. तिकडची ड्युटी तिची आहे!"

*

मागं छोटी फाउंड्रीही होती, वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायची. तिला लागणारी वाळू शंकरराव गाढवांवरून आणायचा. म्हणजे नदीवर तो फक्त गोण्या लादायचा. गाढवं आपली आपण चालत यायची, फाउंड्रीपाशी उभी राहायची, माल उतरला की आपली आपण परत. शंकरराव झाडाखाली बिडी ओढत बसलेला.

मग मालकांनी नवीन कंपाउंड बांधलं आणि गेट पुढच्या बाजूला नेलं. दुसऱ्या दिवशी गाढवं आली ती जुन्याच जागी. समोर भिंत. भिंतीला नाक लावून उभी! शंकररावानं ओढली, ढकलली, विनवण्या केल्या. पुढच्या गेटनं यायला एकही तयार नाही. तिकडं वाळूविना फाउंड्री थंड पडली. चौथ्या दिवशी मालक स्वतः आले, गाढवांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "फोडा!"

तिथं दार झालं. आणि गंमत म्हणजे हमरस्त्यावरून तेच जवळ पडायचं, त्यामुळे मालकांची मोटारही तिथूनच यायला लागली. एकदा मुंबईचे बडे गिऱ्हाईक आले. त्यांनी कौतुकानं विचारलं, "हे नवीन गेट का?"

मालक दार उघडत म्हणाले, "हो, ह्याला आम्ही गाढवगेट म्हणतो. या ना, या, आत या!"

*

हा एवढासा. शेपर मशीनच्या स्टार्टरच्या डब्यात चिमणीनं घरटं केलं. अंडी घातली. कांबळेनं फ्यूज काढून खिशात टाकला आणि कुणालाच देईना. शेवटी इनामदारही काही बोलले नाहीत. उलट दुपारी डब्यातला भात चिमटीनं मशीनवर ठेवताना मी त्यांना पाहिलं आहे. माणूस वरून कडक होता, बाकी काही नाही.

ऑफिसातून फोन आला, "शेपर इतके दिवस बंद का?"

इनामदार म्हणाले, "बाळंतपणाची रजा!"

*

आता चंद्री.

ज्ञानोबाला ताकीद मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कौसाबाईनं डोकं चालवलं. ज्ञानोबाला खाकी कपड्यांचे दोन जोड मिळालेले. एक अंगावर, एक घरी. तिनं घरचा जोड घातला, केस टोपीत कोंबले आणि बादली घेऊन बसली. चंद्रीनं हुंगलं आणि मारली लाथ! कारण काय, तर कौसाबाईनं कपडे आदल्या दिवशीच स्वच्छ धुतले होते.

मग ज्ञानोबानं तोच जोड आठवडाभर कामावर घातला; तेवढे दिवस संध्याकाळची धार रात्री घरी आल्यावर काढली, रतीब बुडाला तो बुडाला. ऑइल, घाम, कूलंट, सगळं त्यात मुरलं. कौसाबाई एका हातानं नाक धरून त्यात शिरली. चंद्रीनं हुंगलं, डोळे मिटले आणि घळाघळा पान्हा सोडला! कौसाबाई मला सांगायची, "भाऊ, मला रडूच आलं. म्हस माजी, अन् मला नवऱ्याचं सोंग घ्यावं लागलं. पर दूध आलं बगा!"

आता रोज संध्याकाळी ती परड्याचं दार लावून खाकी चढवायची. ज्ञानोबा वर्कशॉपमध्ये निवांत चहा प्यायचा. ही गोष्ट आम्हा दोन-चार जणांतच होती. बाईमाणसानं पँट घालायची म्हणजे त्या काळी गावात केवढा बोभाटा झाला असता!

एक दिवस इनामदार स्कूटरवरून एका गिऱ्हाइकाकडचं काम आटपून परत येत होते. वाट गावातून. परड्याच्या कुंपणावरून त्यांना काय दिसलं? आपल्या कारखान्याची खाकी, टोपी, आणि म्हशीखाली बादली! वेळ कुठली, तर बरोबर चहाच्या सुट्टीची.

स्कूटर कचकन थांबली. "ज्ञानोबा! सापडलास!"

कौसाबाई गारठली. वळावं तर परक्या माणसासमोर पँट-शर्टात. बोलावं तर आवाज बाईचा. उठावं तर म्हैस पान्हा चोरणार! तिनं मान आणखी खाली घातली आणि धार काढत राहिली.

"वर बघायची लाज वाटते ना? वाटायलाच पाहिजे! किती सांभाळून घेतलं तुला! परमनंटचा कागद मालकांच्या टेबलावर आहे, माहितेय? निर्लज्जा! कामचुकारा! मी बोलतोय आणि हा धार काढतोय! आता जातो आणि तुझं नाव काढतो!"

स्कूटर सुसाट. इनामदार दारातूनच ओरडत आत आले, "क्लार्कला बोलवा! ज्ञानोबाचा हिशेब करा!"

"काय झालं, सायेब?" ड्रिलिंग मशीनपाशी चहाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या ज्ञानोबानं विचारलं.

इनामदारांचं तोंड उघडं ते उघडंच.

"तू... तू आत्ता म्हशीखाली... कुठं होतास?"

"हितंच की."

"तुम्ही सांगा रे, हा कुठं होता?"

"इथंच साहेब! तीन वाजल्यापासून! आईशप्पथ!" आम्ही एका सुरात. जन्मात पहिल्यांदा आम्ही फोरमनसमोर खरी शपथ घेत होतो, आणि नेमका त्यांचा विश्वास बसत नव्हता!

ते बाहेर गेले. ज्ञानोबाच्या सायकलला कुलूप, सीटवर धुळीचा थर. परत आले, स्टुलावर बसले, दोन ग्लास पाणी प्यायले. ज्ञानोबाच्या हळूहळू सगळं लक्षात आलं. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता हा बोलणार. पण बायकोची अब्रू होती. ओठ घट्ट मिटून त्यानं मशीन चालू केलं. नोकरी राहते की जाते, त्याला कळेना. आम्हालाही कळेना.

दोन दिवसांनी मालकांनी इनामदारांना केबिनमध्ये बोलावलं. मी तयार शाफ्ट दाखवायला तिथंच उभा होतो. 

"ह्या ज्ञानोबाचं काय करायचं? परमनंट करायचा का?"

इनामदारांनी टेबलावरचा तो कागद उचलून वाचला. मग म्हणाले, "करून टाका साहेब. हा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी काम करतो. आपल्याकडं बाकीचे एका ठिकाणीसुद्धा करत नाहीत!"

ज्ञानोबाला कागद मिळाला तेव्हा तो गेटपाशीच रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. मालकांनी आम्हा दोघांनाही लवकर सोडलं. पेढे घेऊन दोघं घरी आलो तेव्हा कौसाबाई नुकतीच चंद्रीखालून उठली होती. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, हातात भरलेली बादली. ज्ञानोबानं तिच्या हातात पेढा ठेवला आणि बातमी सांगितली.

तिनं बादली खाली ठेवली, टोपी काढली आणि कमरेवर हात ठेवले.

"व्हय का? शिव्या खाल्ल्या मी, अन् परमनंट झाला तुमी?"