साडूंचं बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण ते सांगण्याआधी माणूस सांगायला हवा. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आमच्या थोरल्या साडूंइतका, कंपनीने यंत्राला ठरवून दिलेल्या वेगाचा मनापासून राग असलेला गृहस्थ दुसरा झाला नाही. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळत. "धाकटे," ते मला म्हणत, "स्टिकरवरचा आकडा म्हणजे पंगतीतलं 'पुरे, पुरे'. आग्रह केला की आणखी दोन जिलब्या सहज जातात."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला आणि त्यांनी हा आग्रह प्रोसेसरला सुरू केला. मदरबोर्डवरची जंपरची चिमुकली टोपी एका खुंटीवरून दुसरीवर बसवली की प्रोसेसर लिहिलेल्यापेक्षा जोरात पळतो आणि तापतोही तितकाच. मग त्याला गार ठेवायचं आणि मध्येच अडकत नाही ना, याची राखण करत बसायचं. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावी, कारण साडू एकसारखे दहा प्रोसेसर मांडायला लावून एकेक निरखत. "अरे साईं, सब एक ही माल है! भेंडी है क्या, जो तोडके देखोगे?" साडू शांतपणे म्हणत, "भेंडी असती तर बायकोला आणलं असतं."

ताप मोजायला त्यांचं बोट होतं. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला ते लावायचं, डोळे मिटायचे, की निकाल. "बॉयलरनं शिकवलेलं बोट आहे," म्हणायचे. घरातला एकुलता एक टेबलफॅन उघड्या कॅबिनेटकडे तोंड करून उभा, मान वळू नये म्हणून सुतळीने बांधलेला. एकदा भर मे महिन्यात सासरे आले. रुमालाने वारा घेत म्हणाले, "जावईबापू, पाहुणा मी आहे की ते खोकं?"

"बाबा, तुम्हाला घाम येतो, तुम्ही गार व्हाल. त्याला बिचाऱ्याला घाम येत नाही."

बदलापूरला माझं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका मांडून छापून देण्याचं छोटं दुकान होतं. पत्रिकेवरचा गणपती जरा डावीकडे सरकवेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येई. साडूंनी माझाही कॉम्प्युटर पळता केला, शेजारी बसून बोट लावलं, आणि समाधान झाल्यावर स्वतःला नवा घेऊन घरचा टेबलफॅन मला देऊन टाकला. "धाकटे, याची मान तेवढी सोडू नका."

एका दुपारी फार उकडत होतं. मी सुतळी सोडली, पंखा स्वतःकडे वळवला आणि खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती जळका वास येऊन. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर पंखा होता तसा वळवून सुतळी पुन्हा बांधली. मग साडूंना फोन केला.

ते स्कूटरवरून तसेच आले. पंख्यासमोर हात धरून म्हणाले, "वारा तर बरोबर लागतोय."

"हो ना," मी म्हणालो. एवढंच.

ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. "मग माझं बोटच चुकलं."

नवा प्रोसेसर त्यांनीच आणून बसवला, लिहिलेल्या वेगावर. घरच्या यंत्राची टोपीही मूळ खुंटीवर आणली. आणि मग कारखान्यात बॉयलर सोडून स्टोअरमधलं काम मागून घेतलं. मेहुणीताईंनी जेवताना सांगितलं, "म्हणतात, ज्याच्या बोटाला ताप कळत नाही, त्यानं एवढ्या माणसांच्या शेजारी बॉयलर सांभाळू नये." मी भात कालवत राहिलो.

आता ते निवृत्त आहेत. मिक्सर आणला तरी आधी माहितीपत्रक वाचतात. गेल्या दिवाळीत मोबाइल तापतोय म्हणून मी तो सहज त्यांच्यापुढे धरला. बोट पुढे आलं, आणि अर्ध्यावरूनच मागे गेलं. "दुकानात दाखवा, धाकटे."

त्यांचं बोट चुकलं नव्हतं. पंखा मी फिरवला होता. हे त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.