चांगला आकडा

“मागितली तेव्हा दिली?” सकाळी कारखान्यात शिरल्या की मॅडम चपला बदलता बदलता एवढंच विचारायच्या. मागितली तेव्हा वीज मिळाली का, असा त्याचा अर्थ.

डिचोलीजवळच्या आमच्या कारखान्याचं स्वतःचं वीजकेंद्र होतं. ते किती भरवशाचं आहे हे मोजणं त्यांचं काम. मी त्याच केंद्राच्या बॉयलरवर. केंद्र सांगून बंद ठेवलं तर ती विश्रांती, न सांगता बंद पडलं तर तो दगा, असा त्यांचा साधा हिशेब. मॅनेजरने एकदा एक दगा विश्रांतीत धरायला सांगितला. “साहेब, माझा नवराही न सांगताच निघून गेला. त्याला रजेवर धरू का?” आम्ही हसलो. पण मॅडमच्या नजरेला नजर न देता.

मॅडम मूळच्या बेळगावच्या, इथे कारखान्याजवळच्या मुळगाव नावाच्या गावात भाड्याने राहायच्या. माझ्या डब्यातलं सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, नाक मुरडत मागून घ्यायच्या आणि पाव बुडवून संपवायच्या.

त्या वर्षी केंद्राने एकदाही दगा दिला नाही. मॅडमचा भरवशाचा आकडा उत्तम आला. तोच दाखवून मॅनेजरने बॉयलरच्या जुन्या ट्यूबा, म्हणजे आतल्या नळ्या, बदलायचं काम पुढे ढकललं. मॅडम त्याच्या केबिनमध्ये गेल्या.

“हा आकडा झालं ते सांगतो. होणार ते नाही सांगत.”

“तुमचाच आहे ना?” तो म्हणाला.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

काही दिवसांतच ट्यूब फुटली. समोर केरीचा बाबी होता, बॉयलरवरचा माझा जोडीदार. वाफेने भाजला. इस्पितळात नेईपर्यंत बोलत होता, मग बोलायचा थांबला तो कायमचा.

मॅडम माझ्याबरोबर केरीला आल्या. बाबीची बायको घरापुढच्या सोप्यावर बसली होती. त्या कोण ते मी सांगितलं.

“मशीन तुमीच तपासताल्यात मगो? मग तुमकां कळूंक ना?”

आपण फक्त मोजतो, तपासत नाही, असं त्या सांगू शकल्या असत्या. “नाही कळलं, वहिनी,” एवढंच म्हणाल्या.

चौकशीत त्यांनी मॅनेजरच्या तोंडावर सगळं सांगितलं. त्याची बदली झाली. मॅडमना कुणी काढलं नाही. त्यांनीच राजीनामा दिला.

“तुमचं काय चुकलं?” मी विचारलं.

“आकडा बरोबर होता,” त्या म्हणाल्या. “तोच त्रास आहे.”

डिचोलीच्या स्टँडवर मी त्यांची बॅग बेळगावच्या बसमध्ये चढवली आणि खाली उतरून उभा राहिलो. बॉयलर पुन्हा सुरू झाला होता. धूर तिथूनही दिसत होता. माझ्या बाजूच्या खिडकीतून त्यांनी तो पाहिला, मग त्या उठल्या आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. बस सुटली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नाही.