चार ओले तंबू

चार तंबू मी ओलेच घड्या घालून कोंडून ठेवले आणि अडीच महिने विसरलो.

खरं तर एवढ्या एका वाक्यात सगळं येतं. पण मी जन्माचा शिक्षक. एका वाक्यात आटोपता येत असतं तर तास पस्तीस मिनिटांचा कशाला ठेवला असता? तेव्हा सविस्तर ऐका.

ऐंशीच्या दशकात मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. शाळेचं स्काउट पथक माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडामुळे. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी बोलून गेलो की लहानपणी मी स्काउटमध्ये होतो. होतो हे खरंच आहे. तीन रविवार होतो. चौथ्या रविवारी गाठी शिकताना मी शेजारच्या मुलाचा पाय झेंड्याच्या खांबाला असा बांधला, की शेवटी दोर कापावा लागला. त्यानंतर मास्तरांनी मला जे घरी पाठवलं ते कायमचं. हा उत्तरार्ध मी चहा पिताना सांगितला नाही. सोमवारी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात शिट्टी ठेवली.

पथकाकडे मुलं चोवीस आणि तंबू शून्य. शिबिराला आम्ही एका मांडववाल्याकडून कापड भाड्यानं आणायचो. ते लग्नाचं, लाल-पिवळं, कडेला झालर लावलेलं. जिल्ह्याच्या मेळाव्यात आमचा तळ दिसला की बाकीच्या शाळांची पोरं ओरडायची, "वऱ्हाड आलं! नवरी कुठाय?" मी गालातल्या गालात हसायचो. आमच्या मुलांना मात्र ते फार लागायचं.

म्हणून आम्ही तंबूंसाठी खरी कमाई काढली. स्काउटांत ही जुनी रीत आहे. वर्गणी मागायची नाही. घरोघरी जाऊन काम करायचं आणि लोक खुशीनं देतील ते पथकात जमा करायचं. दिवाळीच्या आधी पेठेतल्या प्रत्येक घरात पंख्यांवर वर्षाची काजळी साचलेली असते, हे आम्ही हेरलं. दोन दिवाळ्या मुलांनी स्टुलांवर चढून पंखे पुसले. खालून स्टूल धरणं एवढं माझं काम, आणि तेही मी बोलता बोलता सोडून द्यायचो.

पुण्यात पैसे मिळवायचे म्हणजे आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. एका आजोबांनी आम्हाला दारातच अडवलं.

"स्काउट म्हणजे सेवा, बरोबर?"

"हो, आजोबा."

"मग पैसे कसले?"

"खरी कमाई आहे, आजोबा."

"म्हणजे सेवा खोटी होती तर!" असं म्हणून त्यांनी तीन पंखे पुसून घेतले आणि दोनांचे पैसे दिले. तिसरा पंखा म्हणे पुसल्यापासून हळू फिरतो.

दुसऱ्या घरी एक काकू म्हणाल्या, "पंखा झाला लख्ख. त्याची धूळ आता माझ्या गादीवर आहे. ती झटकायला कोण, राज्यपाल येणार का?"

त्या दिवशी स्टुलावर होता तो आमचा संघनायक. आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा हा म्होरक्या. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. तो मुकाट खाली उतरला, गादी गच्चीवर नेऊन झटकून आणली, वर काकूंना विचारलं, "उशा पण देताय का?" त्या घरातून जादा पैसे मिळाले आणि डब्यात चकल्याही.

त्याचे वडील रविवार पेठेत ताडपत्र्या, छत्र्या आणि हातगाड्यांची छपरं शिवत. दुकान म्हणजे एक यंत्र, एक पाट आणि बाकी सगळं कापड. पिढ्यान् पिढ्या पुण्यात राहिलेले. भाषा माझ्यापेक्षा स्वच्छ आणि तिरकस बोलण्यात मला हार न जाणारे. जमलेले पैसे घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते पाहिले, मला पाहिलं, मुलांना पाहिलं, आणि म्हणाले, "एवढ्यात तीनच होतील. चौथा माझ्याकडून. शिलाई नको."

"असं कसं? शिलाई घ्यायलाच पाहिजे."

"मास्तर, माझा स्वार्थ आहे त्यात," ते म्हणाले. स्वार्थ त्यांनी मोकळेपणानं सांगितला. स्काउटांतला सगळ्यात वरचा पुरस्कार मिळवलेल्या मुलांसाठी रेल्वेत थोड्या जागा असत. पोरगं त्या परीक्षेला बसावं, पास व्हावं आणि रेल्वेत लागावं. "माझे डोळे गेले सुईत. त्याचे राहू द्या." परीक्षेची अट अशी, की वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ती द्यायची. मुलाला सतरावं लागलेलं होतं. म्हणजे संधी एकच, पुढच्या हिवाळ्यातली.

तंबू झाले. काय तंबू होते! जाड पांढरं कापड, दुहेरी शिवण, कोपऱ्याकोपऱ्यात पितळी कड्या. ऑक्टोबरात आम्ही लोणी काळभोरजवळ कालव्याच्या कडेला एका बागेत तीन दिवसांचं शिबिर केलं. पलीकडे दुसऱ्या एका शाळेचा तळ होता, तिथली पोरं वऱ्हाड बघायला आली आणि गप्प परत गेली. मुलांचे चेहरे त्या दिवशी बघण्यासारखे होते.

आणि शेवटच्या दिवशी सकाळी मला स्वच्छतेचा झटका आला. तंबूंच्या तळाशी काळी माती लागली होती. सुकल्यावर ब्रशनं झाडली असती तर निघाली असती. पण मी शिट्टी फुंकली आणि चारही तंबू कालव्यात धुवायला लावले. स्काउट स्वच्छ असतो, यावर वीस मिनिटं भाषण केलं. भाषण संपलं तेव्हा टेम्पो आला होता, ठरल्यापेक्षा दोन तास आधी. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला.

संघनायक कापड चाचपून म्हणाला, "सर, हे ओलं आहे. असं बांधायचं नाही."

"अरे, घरी गेल्यावर वाळवू की."

"अब्बा म्हणतात, एक रात्रसुद्धा ठेवायचं नाही."

"उद्या सकाळी माझ्या गच्चीवर. शब्द देतो. स्काउटचा शब्द."

बागेचा मालक चिलीम ओढत बघत उभा होता. तो म्हणाला, "वल्लंच बांधताय व्हय, गुरुजी? मग काय, बुरशी लई झ्याक येतीय बगा." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

तंबू शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत गेले. कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या दिवशी चाचणीचे पेपर तपासायचे होते. तिसऱ्या दिवशी मेहुणीचं लग्न ठरलं. चौथ्या दिवसाचं काहीच कारण नाही. विसरलो.

संघनायकानं आठवड्याभरानं विचारलं, "सर, वाळले का?" मी "हो तर!" म्हणालो. वाळवायचे आहेत हे त्या क्षणी आठवलं, आज संध्याकाळीच करू असं मनाशी ठरवलं आणि संध्याकाळी पुन्हा विसरलो. यापेक्षा चांगला बचाव माझ्याकडे नाही. डिसेंबरात जिन्याखालून वास यायला लागला. शिपाई म्हणाला, "सर, उंदीर मेलाय वाटतं." मी म्हणालो, "शक्य आहे." वर त्याला फिनाईल टाकायला सांगितलं, तेही दाराच्या बाहेरून.

परीक्षेचं पत्र आलं तेव्हा हातात दहा दिवस होते. परीक्षेत संघानं स्वतःचा तंबू उभारून त्यात राहायचं असतं, आणि साहित्याची निगा हा गुणांचा वेगळा भाग. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच कुलूप उघडून आत गेलो. घडी उलगडली. पांढऱ्या कापडावर काळे-हिरवे ठिपके, देवी आल्यासारखे. कुबट वासानं डोळ्यांत पाणी आलं. एका ठिकाणी मी बोटानं नुसतं दाबलं, तर बोट पलीकडून दिसलं.

यानंतर माणूस काय करतो? जाऊन सांगतो. मी मुलांना म्हणालो, "सराव चादरींवर करा. तंबू परीक्षेसाठी ताजे ठेवू." संघनायकानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण मी शब्द दिला होता ना, स्काउटचा. त्यानं मान डोलावली.

पुढचे चार दिवस मी आमच्या गच्चीवर होतो. लिंबू, मीठ, सोडा, आणि शेवटी ब्लीचिंग पावडर. पावडरीनं ठिपके गेले आणि उरलंसुरलं सूतही गेलं, हे नंतर कळलं. शेजारचे निवृत्त कारकून कठड्यावरून म्हणाले, "काय हो, सर्कस विकत घेतलीत?" बायको खाली यंत्रावर ठिगळं लावत होती. ती म्हणाली, "अहो, सुई टोचली की फाटतंय. ज्यांनी शिवले त्यांना दाखवा ना."

"त्यांना कशाला त्रास?" मी म्हणालो. त्रास म्हणजे मला बोलणी बसण्याचा. त्या माणसापुढे उभं राहून 'मी विसरलो' हे दोन शब्द म्हणायचे होते. तेवढे टाळण्यासाठी मी गच्चीवर हात भाजून घेतले. चारांतला त्यातल्या त्यात बरा एक तंबू निवडला आणि घडी घालून, वरून अत्तराचा फाया फिरवून, परीक्षेला पाठवला.

परीक्षा शहराबाहेरच्या एका मैदानावर होती. परीक्षक मृदू बोलणारे गृहस्थ. मुलांनी खांब उभे केले, खुंट्या ठोकल्या, दोर ताणले. सगळं शिस्तीत. वरची पहिली कडी दोरावर आली तेव्हा कापडातून आवाज आला, खाली बसताना जुना पायजमा फाटतो तसा. मग दुसरी कडी. आख्खा तंबू सावकाश, अगदी सभ्यपणे, मुलांच्या अंगावर बसला. कोणी हसलं नाही.

परीक्षकांनी कापड हातात घेतलं, वास घेतला, आणि विचारलं, "काय झालं हे?"

प्रश्न संघनायकाला होता. उत्तर मी दिलं. आयुष्यभर मी गप्प बसायच्या जागी बोललो आहे, पण त्या दिवसाइतकं वाईट कधीच नाही. मी म्हणालो, "कापड जरा हलकं निघालं, साहेब."

मुलगा तंबूखालून बाहेर येत होता. केसांत गवत होतं. तो उभा राहिला, माझ्याकडे न बघता परीक्षकांना म्हणाला, "कापड चांगलं होतं, सर. आम्ही ओलं ठेवलं."

"साहित्याची जबाबदारी कोणाची?"

"संघनायकाची, सर."

मी दहा पावलांवर होतो. गळ्यात शिट्टी होती. 'त्याची नाही, माझी' एवढं म्हणायला भाषण लागत नाही. मी खाली वाकून एक खुंटी उपटली आणि ती पुसत बसलो.

त्या भागात त्याला नापास केलं गेलं. परीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "पुढच्या वर्षी ये" म्हटलं, कारण जन्मतारखेचा कागद त्यांच्यासमोर नव्हता. परतीच्या बसमध्ये तो बाकीच्या मुलांना समजावत होता की त्यांच्या गाठी उत्तम होत्या. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून रस्ता बघितला.

पथकानं पुढे नवे तंबू घेतले. त्यासाठी पुन्हा दोन दिवाळ्या पंखे पुसले गेले. त्यातल्या एकाही पंख्याखाली संघनायक नव्हता. तो दुकानात बसायला लागला होता. आजही बसतो. धंदा त्यानं वाढवला, दोन माणसं ठेवली, मंडळांचे मांडव शिवतो. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि "सर, बरे आहात ना?" विचारतो. चष्मा जाड झाला आहे. तो समोर आला की मी पहिल्यांदा चष्म्याकडेच बघतो आणि मग चपलांकडे.

परीक्षेनंतर आठवड्यानं मी त्याच्या वडिलांकडे गेलो होतो. ते एका हातगाडीचं छप्पर शिवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कालवा, कुलूप, उंदीर, ब्लीचिंग पावडर, आणि परीक्षकांना काय म्हणालो तेही. त्यांनी यंत्र थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, मग दोरा तोडला.

"परीक्षेच्या आधी दहा दिवस होते म्हणालात?"

"हो."

"एक तंबू दोन रात्रीत होतो, मास्तर. तुमच्या घरून इथं यायला पायी दहा मिनिटं."

मी खाली बघत राहिलो. पाटावर कापडाचे तुकडे पडले होते, तेच जाड पांढरं.

"त्यानं घरी काय सांगितलं माहितीय? म्हणाला, माझ्याकडून गाठ सैल राहिली. मी तिथंच ओळखलं. त्याची गाठ मी बघितलीय."

 गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, की रेल्वेच्या इतर जागांसाठी लेखी परीक्षा असते. मी त्याची तयारी करून घेतो, रोज संध्याकाळी, माझ्या घरी, फुकट. मी मदत करीन. शब्द देतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"नको, मास्तर. तुमच्या मदतीनं एक नोकरी गेली. दुसरी आमची आम्ही घालवू."